‘चालवत नाही’ : वार्धक्यदुर्बलतेच्या संशोधनाची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

मनुष्य म्हातारा होतो, ही गोष्ट कोणत्याही भाषेला नवी नाही. म्हातारपण मोजता येते, ही कल्पना मात्र नवी आहे. गेल्या पाऊण शतकात वैद्यकाने या दिशेने जी वाटचाल केली तिचे दोन टप्पे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला टप्पा अंथरुणाविषयीच्या शंकेचा. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज वैद्याने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रुग्णाला निजवून ठेवण्याचे धोके एका छोट्या व बोचऱ्या लेखात मांडले. १९९३ साली मॉर्टन क्रेडिटर यांनी वृद्धांच्या रुग्णालयवासातून उद्भवणाऱ्या संकटांचा पद्धतशीर विचार केला. दुसरा टप्पा मोजमापाचा. २००१ साली लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ६५ वर्षांवरील ५,३१७ स्त्रीपुरुषांच्या पाहणीवरून ‘फ्रेल्टी’ या अवस्थेचे पाच निकष निश्चित केले. आणि त्याच वर्षी कॅनडातील मिट्निट्स्की व रॉकवुड यांनी शरीरातील उणिवांची बेरीज करून तिचा निर्देशांक काढण्याची निराळी पद्धत पुढे आणली. यानंतर या विषयावरील शोधनिबंधांचा ओघ सतत वाढत राहिला आहे आणि त्यात भारताचा, महाराष्ट्राचाही, वाटा आहे.

या संशोधनाचा वैद्यकीय गाभा भक्कम आहे, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या सामग्रीचा मोठा भाग म्हणजे माणसांनी प्रश्नांना दिलेली उत्तरे होत. मराठी मुलखातील वृद्धाला हे प्रश्न मराठीतच विचारावे लागतात आणि त्याचे उत्तर मराठीतच येते. मग ते उत्तर आकडा होऊन इंग्रजी निबंधात जाते. या प्रवासात उत्तराचे काय होते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषाविचाराचाही आहे. त्याची परीक्षा करण्यासाठी एक ठिकाण नजरेसमोर ठेवणे सोयीचे होईल. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी (बीड व वर्धा जिल्ह्यांतील आष्टींहून ही वेगळी) हे गाव येथे घेतले आहे. परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता आणि त्याआधी, १९४८ पर्यंत, सारा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथील बोलीत शेतीचा आणि उर्दूचा असे दोन्ही संस्कार एकत्र नांदतात. या बोलीत वाढलेल्या वृद्धापुढे ही प्रश्नावली ठेवली असता ती कोठे टिकते व कोठे अडखळते, हे पाहणे हा प्रस्तुत परीक्षणाचा हेतू आहे.

२. संज्ञेची अडचण

पहिली अडचण खुद्द संज्ञेची आहे. ‘फ्रेल्टी’ला मराठीत काय म्हणावे? ‘अशक्तपणा’ हा शब्द सर्वांच्या ओठांवर आहे. पण तो तात्पुरत्या आणि उपायाने जाणाऱ्या अवस्थेचा वाचक आहे. ताप येऊन गेला की अशक्तपणा येतो आणि ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ असे म्हणून रोगी डॉक्टरसमोर बसतो. ‘दुर्बलता’ हा शब्द शास्त्रीय वाटतो. परंतु ‘दुर्बल घटक’ अशा प्रयोगांमुळे त्याला आर्थिक व सामाजिक अर्थाचा लेप बसला आहे. ‘क्षीणता’ ग्रंथात राहिली. ‘जर्जरता’ शेवटच्या अवस्थेची सूचक आहे. आणि फ्रीड यांच्या मांडणीचे महत्त्व तर असे की, शेवट येण्यापूर्वीच ही अवस्था ओळखावी. ‘नाजूक’ हा शब्द मूळ इंग्रजी अर्थाच्या बराच जवळ जातो, पण ‘प्रकृती नाजूक आहे’ असे म्हणताच ऐकणारा घाबरून गाडी पाहू लागतो.

आष्टीच्या माणसाला या सर्व शब्दांची गरज पडत नाही. तो म्हणतो : ‘आई आता थकली.’ ‘थकणे’ या क्रियापदाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि ते व्याकरणाच्या खुणांनी वेगळे पडतात. ‘वेचणी करून थकले’ यातील थकणे रात्रीच्या झोपेने जाते. त्याचे नाम ‘थकवा’. ‘म्हातारी आता थकली’ यातील थकणे एका रात्रीत येत नाही आणि एका रात्रीत जातही नाही. तेथे ‘आता’ हे क्रियाविशेषण आणि पूर्णतावाचक रूप ही दोन्ही मिळून एक कायमची अवस्था सांगतात. पहिल्या अर्थाचे कारण काम आहे, दुसऱ्याचे कारण वय. हा दुसरा अर्थ फ्रेल्टीच्या कल्पनेच्या जितका जवळ आहे, तितका कोणताही संस्कृत प्रतिशब्द नाही. त्यापासून ‘थकलेपण’ असे नाम सहज साधता येते आणि ते ‘थकवा’ या नामापासून स्पष्टपणे वेगळे राहते.

तथापि या शब्दावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘थकली’ या रूपात एक प्रकारचा निकाल आहे. थकवा जातो असे भाषा म्हणते. थकलेली म्हातारी पुन्हा न-थकलेली झाली, असे म्हणण्याची सोय भाषेने ठेवलेली नाही. संशोधन मात्र तसे म्हणत नाही. टॉमस गिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० वर्षांवरील ७५४ जणांना साडेचार वर्षे न्याहाळून २००६ साली दाखविले की, ही अवस्था एकाच दिशेने जात नाही. काही माणसे अधिक दुर्बलतेकडून कमी दुर्बलतेकडेही येतात, जरी अशी संख्या थोडी असली तरी. म्हणजे लोकभाषेचा शब्द अवस्थेचे वर्णन अचूक करतो, पण तिच्या भवितव्याविषयी चुकीचा निष्कर्ष आपल्या पोटात बाळगतो. लोकभाषेकडे जावे, पण डोळे मिटून जाऊ नये, हा धडा येथेच मिळतो. म्हणून पुढील विवेचनात ‘वार्धक्यदुर्बलता’ ही कोरडी संज्ञा वापरली आहे. ‘थकलेपण’ हा तिचा लोकभाषेतील साक्षीदार समजावा.

३. पाच निकष आणि मराठी उत्तरे

फ्रीड यांचे पाच निकष असे : वर्षभरात नकळत सुमारे साडेचार किलो वजन घटणे, स्वतःला जाणवणारा थकवा, हाताच्या पकडीचा दुबळेपणा, चालण्याचा मंदपणा आणि शारीरिक हालचालींची अल्पता. यांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास व्यक्ती दुर्बल, एक वा दोन आढळल्यास दुर्बलतेच्या उंबरठ्यावर. त्यांच्या पाहणीत ६.९ टक्के लोक दुर्बल ठरले. पाचांपैकी पकड आणि चाल यांचे मापन उपकरणाने व घड्याळाने होते. तेथे भाषेचा हस्तक्षेप कमी, हे मान्य केले पाहिजे. मात्र या दोन्हींच्या मर्यादारेषा त्याच अमेरिकन समूहातील खालच्या पंचमांशावरून आखलेल्या आहेत, हे विसरता येत नाही. उरलेल्या तीन निकषांचा मुख्य आधार मात्र प्रश्नोत्तरे हाच आहे.

थकव्याचा निकष घेऊ. त्यासाठी फ्रीड यांनी नैराश्य मोजण्याच्या एका जुन्या मापिकेतील (ही मापिका १९७७ ची) दोन विधाने उसनी घेतली. गेल्या आठवड्यात जे जे केले ते प्रयासाने करावे लागले, हे त्यांतील एकाचे तात्पर्य. आणि कामाला हातच लागेना, हे दुसऱ्याचे. पहिल्या विधानाचे भाषांतर करणारा बहुधा ‘कष्ट’ या शब्दाकडे वळेल. पण ‘कष्ट’ हा मराठीत तक्रारीचा शब्द नाही, अभिमानाचा आहे. ‘कष्ट करून खाल्लं’ हे शेतकऱ्याचे आयुष्याचे प्रमाणपत्र असते. आष्टीच्या साठीच्या धडधाकट शेतमजूर बाईला ‘गेल्या आठवड्यात प्रत्येक काम कष्टाचं वाटलं का?’ असे विचारले, तर ती ‘कष्टाबिगर काय हाय?’ असे म्हणेल आणि तिच्या नावापुढे एक खूण पडेल. ही खूण तिच्या शरीराची नसून तिच्या जीवनाची आहे. उलट खरोखर थकलेली म्हातारी ‘आता काय काम, बसूनच हाय’ असे म्हणेल आणि तिच्या उत्तरात प्रयासाचा उल्लेखच येणार नाही. पहिली चूक धडधाकटाला दुर्बल ठरविते, दुसरी दुर्बलाला वगळते. आणि दोन्ही चुका एकमेकींना भरून काढतील, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

हालचालींच्या निकषाची गोष्ट याहून बोलकी आहे. मूळ पाहणीत फावल्या वेळातील व्यायामप्रकारांची एक यादी वापरली होती. तीत चालणे व घरकाम यांबरोबर हिरवळ कापणे, टेनिस, गोल्फ, बोलिंग आणि पोहणे आहे. आष्टीत हालचाल आहे, पण ती फावल्या वेळातील नाही. खुरपणी, कापसाची वेचणी, जनावरांचे शेणपाणी, हंडा भरणे, शेतापर्यंतची पायपीट, हे सारे कामात मोडते. यादीतील नावे बदलून हा दोष जातो असे समजणे चूक होईल. ‘फावला वेळ’ आणि ‘व्यायाम’ या दोन कल्पनाच मुळात दुसऱ्या जीवनव्यवस्थेतून आल्या आहेत. शिवाय मराठी घरात हालचाल थांबणे हा पुष्कळदा मानाचा भाग असतो. ‘आता बसून खा’ असे मुलाने आईला म्हणणे, ही तिच्या कष्टांची फेड समजली जाते. त्या घरात हालचालीची अल्पता दुर्बलतेचे लक्षण असेल, दुर्बलतेचे कारण असेल किंवा केवळ सुनेच्या हाती कारभार गेल्याची खूण असेल. प्रश्नावलीला हे तीन अर्थ वेगळे करता येत नाहीत.

वजनाच्या निकषाला मात्र मराठीने आधीच उत्तर दिले आहे. ‘खंगणे’ आणि ‘वाळणे’ ही क्रियापदे नकळत घटणाऱ्या वजनाचीच आहेत. स्वेच्छेने बारीक होणाऱ्याला कोणी खंगला म्हणत नाही. ज्या घरात वजनकाटा नाही तेथेही हे निदान होते; फक्त ते रोग्याच्या तोंडी नसते, पाहणाऱ्याच्या तोंडी असते. ‘किती वाळलात!’ असे सहा महिन्यांनी भेटलेली लेक म्हणते. येथे ज्ञान दुसऱ्या पुरुषाच्या वाक्यात आहे आणि प्रश्नावली ते प्रथम पुरुषात शोधते.

४. ‘येते’ आणि ‘वते’

या सर्वांहून महत्त्वाचा मुद्दा व्याकरणाचा आहे. वृद्धाच्या स्वावलंबनाची मोजणी बहुधा सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या सहा दैनंदिन क्रियांच्या आधारे होते : अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, जागेवरून उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे. यांविषयी प्रश्न मात्र वेगवेगळ्या प्रकारे विचारले जातात. कॅट्झ यांचा आग्रह असा की, माणूस प्रत्यक्षात काय करतो ते नोंदवावे. त्याला ते जमले असते की नाही, हा विचार करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक पाहणीत आणि भारतातील ‘लासी’ या दीर्घकालीन पाहणीत ‘अडचण होते का?’ असा प्रश्न आहे. आणखी काही साधने ‘करू शकता का?’ असे विचारतात. इंग्रजीत हे तीन प्रश्न एकमेकांजवळ आहेत. मराठीत ते तीन निराळ्या रचनांत जातात आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाची रचना भाषांतरकाराच्या हाती सहसा लागत नाही.

‘म्हातारी चालत नाही’ हे कृतीविषयीचे विधान आहे. ‘म्हातारीला चालता येत नाही’ हे पूर्ण असमर्थतेचे विधान आहे : पाय मोडला असेल, अंगावरून वारे गेले असेल. परंतु ‘म्हातारीला चालवत नाही’ हे या दोहोंहून वेगळे आहे. पाय शाबूत आहेत, चालण्याची रीत ठाऊक आहे, मनातही आहे, पण शरीर साथ देत नाही. आणि हे न देणे कमीजास्त होणारे आहे. ‘देवळापर्यंत चालते, पुढं चालवत नाही’ हे वाक्य सहज बोलले जाते. ‘देवळापर्यंत चालते, पुढं चालता येत नाही’ हे ऐकणारा पुढे नाला आहे की काय, असे विचारील. मराठी व्याकरण या रूपांना शक्य क्रियापदे म्हणते : उठवत नाही, बसवत नाही, खाववत नाही, चढवत नाही. ‘माझ्याच्यानं उठवत नाही’ अशी कर्त्याची खास रचनाही त्यांच्याबरोबर येते. नकारात ‘चालवेना’, ‘उठवेना’ ही रूपे आहेत आणि बोलीत त्यांचीच ‘चालवंना’, ‘उठवंना’ होतात. ही रूपे होकारापेक्षा नकारात व प्रश्नात अधिक वावरतात, हेही सूचक आहे. सामर्थ्य असताना त्याची वाच्यता होत नाही. ते ओसरू लागले की व्याकरण जागे होते.

फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक स्वतंत्र निबंध लिहून दुर्बलता, अपंगत्व आणि अनेक व्याधींचे सहअस्तित्व या तीन कल्पना विलग केल्या. दुर्बलता म्हणजे अपंगत्व नव्हे. ती त्याच्या आधीची, त्याचा धोका सांगणारी अवस्था आहे, असा त्यांचा सिद्धांत. हा भेद अभ्यासकांना प्रयासाने करावा लागला. मराठी बोलणारा तो दिवसातून दहादा करतो : ‘चालता येत नाही’ हे अपंगत्व आणि ‘चालवत नाही’ ही दुर्बलता. असे असता ‘तुम्हाला चालता येतं का?’ अशा भाषांतरित प्रश्नाने चौकशी झाली, तर ‘येतं की!’ असे उत्तर येईल, ते खरेही असेल आणि जे शोधायचे होते ते नेमके निसटेल.

मात्र शक्य क्रियापद म्हणजे रामबाण साधन, असेही समजू नये. ‘पाहवत नाही’, ‘राहवत नाही’, ‘ऐकवत नाही’ येथे हाच प्रत्यय मनाच्या असह्यतेसाठी येतो. नवरा गेल्यावर म्हातारी ‘जेववत नाही’ म्हणते तेव्हा तोंडाची चव, पोटाचा विकार आणि शोक यांपैकी काय बोलते आहे, ते रूपावरून कळत नाही. शिवाय ‘चालवते’ हे रूप प्रयोजक क्रियापदाचेही आहे. चतुर्थीतील कर्ता असेल तेव्हाच अर्थ निश्चित होतो. म्हणजे या रूपांनाही पारखूनच घ्यावे लागेल. परंतु पारखणे वेगळे आणि त्यांच्या अस्तित्वाची दखलच नसणे वेगळे.

५. दवाखाना, आराम आणि उठणे

आता रुग्णालयवासातून होणाऱ्या ऱ्हासाकडे वळावे. केनेथ कोविन्स्की यांच्या २००३ सालच्या अभ्यासात ७० वर्षांवरील २,२९३ रुग्णांपैकी ३५ टक्के रुग्ण घरी जाताना आजारापूर्वीपेक्षा अधिक परावलंबी झाले होते. यांपैकी २३ टक्के दाखल होण्यापूर्वीच घसरले होते आणि रुग्णालयात ते सावरले नाहीत. १२ टक्के रुग्णालयातच घसरले. २०११ साली त्यांनीच या अवस्थेला जे नाव दिले, त्याचे भाषांतर ‘रुग्णालयजन्य’ असे करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मूळ संज्ञा संबंध सांगते, उत्पत्ती सांगत नाही. ‘जन्य’ म्हणताच दोष सिद्ध झाल्यासारखा होतो. ‘रुग्णालयसंबद्ध’ हा शब्द कानाला जड वाटला तरी प्रामाणिक आहे.

२३ आणि १२ ही विभागणी एका स्मरणावर उभी आहे : दाखल होण्यापूर्वी दोन आठवडे रुग्ण कसा होता? मराठवाड्यात रुग्णाला दवाखान्यात ‘शरीक’ करतात आणि शरीक करणे ही दुखण्याची सुरुवात नसते. आधी घरगुती उपाय, मग गावातील डॉक्टर, मग परतूर, मग जालना किंवा छत्रपती संभाजीनगर, असा तो प्रवास असतो. ‘दवाखाना’ हा एकच शब्द एका खोलीतील व्यवसायापासून मोठ्या शासकीय रुग्णालयापर्यंत सर्वांना पुरतो. तेव्हा ‘दवाखान्यात जाण्याआधी कशी होती?’ या प्रश्नाला आष्टीची सून कोणत्या दवाखान्याच्या आधीचे उत्तर देईल, हे प्रश्नकर्त्याने निश्चित केल्याशिवाय २३ आणि १२ यांतील सीमारेषा येथे आखता येणार नाही. याउलट ‘पहिल्यासारखी झाली का?’ हा प्रश्न आपल्या समाजात रोज विचारला जातो. ‘दुखण्यातून उठली, पण पहिल्यासारखी झाली नाही’ या एका वाक्यात कोविन्स्की यांच्या निबंधाचा विषय आला आहे.

या वाक्यातील ‘उठणे’ लक्षणीय आहे. मराठीत माणूस दुखण्याने ‘अंथरूण धरतो’, ‘अंथरुणाला खिळतो’ आणि बरा होतो तेव्हा दुखण्यातून ‘उठतो’. बरे होणे आणि उभे राहणे यांची सांगड भाषेने फार पूर्वी घातली आहे. परंतु तिच्याच शेजारी दुसरी, उलट दिशेची सांगड आहे. ‘आराम’ हा फारसीतून आलेला शब्द विश्रांतीचाही वाचक आहे आणि गुणाचाही. ‘आराम पडला का?’ याचा अर्थ ‘बरं वाटलं का?’ डॉक्टर ‘आराम करा’ म्हणतात तेव्हा त्यांना जास्त दगदग नको एवढेच सांगायचे असते. घरची माणसे त्यात औषध ऐकतात. मग सोबतीला राहिलेला मुलगा आईला कॉटवरून उतरू देत नाही, पाण्याचा तांब्या हातात देतो आणि भांडेही अंथरुणातच आणून देतो. हे सारे मायेने होते.

या मायेची किंमत संशोधनाने मोजली आहे. २००९ साली सिंथिया ब्राउन व सहकाऱ्यांनी रुग्णालयातील वृद्ध निवृत्त सैनिकांच्या हालचाली उपकरणाने नोंदविल्या, तेव्हा मोजलेल्या काळापैकी सरासरी ८३ टक्के काळ ते अंथरुणात पडून होते, असे आढळले. २००७ सालच्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस निजवून ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल भाग घटला. लक्षात घ्यावे, ही माणसे आजारी नव्हती. उलट बाजूने, स्पेनमधील पांप्लोना येथे सरासरी ८७ वर्षे वयाच्या ३७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना रुग्णालयातच देखरेखीखाली व्यायाम दिला, त्यांची कार्यक्षमता दाखल होतानाच्या पातळीवर टिकली, किंबहुना किंचित सुधारली. नेहमीचे उपचार मिळालेल्यांची घसरली. म्हणजे ‘वयच झालं, आता असंच व्हायचं’ हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने पुष्कळ अंशी असत्य आहे. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत ‘आराम’ या शब्दाने जे बिघडते, ते ‘उठवा, बसवा, दोन पावलं चालवा’ या तीन क्रियापदांनी बरेचसे वाचते.

६. आकड्यांचे मूल्य

येथवरच्या विवेचनाचा एका प्रसिद्ध आकड्याशी संबंध जोडून पाहिला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहा देशांतील पाहणीवर आधारलेल्या २०१६ सालच्या एका निबंधात पन्नाशीपुढील लोकांतील दुर्बलतेचे प्रमाण चीनमध्ये १३.१ टक्के, तर भारतात ५५.५ टक्के दिले आहे. भारतातील ज्या सहा राज्यांत ही पाहणी झाली त्यांत महाराष्ट्र होता. पद्धत उणिवांच्या बेरजेची होती. आणि या उणिवांत लोकांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा मोठा वाटा होता. भारतीयांचे शरीर चिन्यांहून चौपट दुर्बल आहे, असा या आकड्यांचा अर्थ कोणी केला तर तो घाईचा होईल. दारिद्र्य, कुपोषण, उपचारांची वानवा, बायकांचे बाळंतपणांनी झिजलेले देह ही कारणे खरी आहेतच. परंतु किंचित, मध्यम, तीव्र, अतितीव्र अशी अडचणीची श्रेणी ज्या भाषांतून विचारली गेली, त्या भाषांची बोलण्याची रीत हेही एक कारण असू शकते. आष्टीचा वृद्ध ‘मध्यम’ असे कधी बोलत नाही. तो ‘जरा’, ‘लई’ आणि ‘अजाबात न्हाई’ असे बोलतो. चार पायऱ्यांच्या मापात त्याचे ‘जरा’ कोठे ठेवायचे, हे मुलाखत घेणारा ठरवितो.

संशोधकांना ही शंका आलेली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुणे जिल्ह्यातील वढू येथे केईएम रुग्णालयाच्या संशोधनकेंद्राने याच पाहणीच्या मालिकेत पन्नाशीपुढील पाच हजारांवर ग्रामस्थांची चौकशी केली. सिद्धिविनायक हिरवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविले की, जे आपली प्रकृती वाईट म्हणून सांगतात त्यांच्यात पुढील मृत्यूचे प्रमाण खरोखरच अधिक असते. स्वतःच्या बोलण्यातून स्वतःविषयी मिळणारे ज्ञान अगदीच पोकळ नाही, याचा हा महाराष्ट्रातील पुरावा आहे. त्याच गटाने २०१३ साली काल्पनिक व्यक्तींच्या छोट्या वर्णनांच्या साहाय्याने निरनिराळ्या समाजांतील उत्तरांची रीत समान पातळीवर आणण्याची जी युक्ती वापरली जाते, तिची गृहीतकेच तपासायला घेतली. हे काम मोलाचे आहे. परंतु त्यातही शोध उत्तरांच्या श्रेणीचा आहे, प्रश्नाच्या क्रियापदाचा नाही.

२०१७–१८ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या ‘लासी’च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक व्यक्तींची चौकशी झाली आणि मराठी मुलखात ती मराठीतून झाली. या सामग्रीवर आज अनेक निबंध उभे आहेत. त्यांतील बहुतेकांत नमुना कसा निवडला, गणित कोणते वापरले याचे सविस्तर वर्णन असते. प्रश्न मराठीत कसा विचारला याचे एक वाक्यही सहसा नसते. पकड मोजणाऱ्या यंत्राचे नाव छापले जाते, परंतु प्रश्न नावाचे जे यंत्र त्याहून अधिक वेळा वापरले गेले, त्याचे वर्णन छापण्याची गरज कोणाला वाटत नाही. ही या संशोधनातील सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागते.

७. उपसंहार

या दोषाला उपाय नाही असे नाही. मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी स्मृती व बुद्धी यांची चाचणी हिंदीत नव्याने घडविली. लिहितावाचता येण्यावर अवलंबून असलेले भाग त्यांनी बदलले आणि बदलांची कारणेही प्रसिद्ध केली. शब्दांचे भाषांतर करण्याऐवजी त्यांनी कार्याचे भाषांतर केले. वार्धक्यदुर्बलतेसाठी असे काम मराठीत व्हायला हवे. त्यासाठी निदान तीन गोष्टी आवश्यक आहेत. प्रत्येक निबंधासोबत प्रश्नांचा मराठी पाठ छापला जावा. दैनंदिन क्रियांविषयी ‘करता का?’, ‘करता येतं का?’ आणि ‘करवतं का?’ हे तीन प्रश्न वेगळे विचारून त्यांच्या उत्तरांची तुलना पकड व चाल यांच्या मापनाशी करावी. म्हणजे शक्य क्रियापद खरोखर दुर्बलता ओळखते की केवळ तसे वाटते, हे अनुमानाने नव्हे तर पुराव्याने ठरेल. आणि ‘खंगली’, ‘वाळली’, ‘पहिल्यासारखी झाली नाही’ या घरच्या माणसांच्या साक्षींना सामग्रीत मानाचे स्थान द्यावे.

हे काम वैद्यकाच्या विभागाने एकट्याने करण्याजोगे नाही आणि भाषाविभागाने दुरून टीका करून भागण्याजोगेही नाही. २०१० साली केंद्र सरकारने वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष, ही त्याची योजना आहे. त्या कक्षात आष्टीची एखादी म्हातारी शरीक होईल, तेव्हा तिला पहिल्याच दिवशी कोणता प्रश्न विचारला जाईल, यावर पुष्कळ अवलंबून राहील. ‘चालता येतं का?’ असे विचारले तर ती ‘येतं’ म्हणेल, कागदावर स्वावलंबी ठरेल आणि दहा दिवस आराम करून, पाय गमावून, घरी जाईल. ‘चालवतं का?’ असे विचारले तर ती कदाचित खरे सांगेल. आणि तिला रोज उठवून चार पावले चालविण्याची गरज आहे, हे वेळेवर कळेल.